पॉइंट टू-टू पिस्तूल घेण्याआधी: साइट, डोळा, काडतूस आणि परवाना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे वय ४३ आहे. दोन वर्षे ते दहा मीटर एअर पिस्तूल मारत आहेत आणि आता त्यांना पंचवीस मीटरसाठी स्वतःचे पॉइंट टू-टू (.२२ इंच व्यासाच्या गोळीचे) पिस्तूल घ्यायचे आहे. कोणते घ्यावे, फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकावरची नेमाची पट्टी) पुसट दिसू लागल्यामुळे उघड्या साइटऐवजी रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवावा का, आणि क्लबच्या पिस्तुलावर साइट कितीही फिरवली तरी पन्नास गोळ्यांत दोन-तीन गोळ्या काळ्या गोलाबाहेर का जातात, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या दोन प्रश्नांवर पैसे खर्च करणे योग्य होणार नाही. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात साइट फिरवून सुटणारे प्रश्न थोडे असतात आणि साइटकडे नीट पाहून सुटणारे पुष्कळ असतात. २२ वर्षे हे पिस्तूल वापरल्यावर आणि इतरांच्या हातात पाहिल्यावर माझे हे मत अधिकच पक्के झाले आहे.

आधी थोडे गणित करू. प्रिसिजन (सावकाश, अचूक नेमाच्या) टप्प्याच्या लक्ष्यपत्रावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने २५ मिलिमीटरने वाढत जाते. सात ते दहा हा काळा भाग म्हणजे २०० मिलिमीटर व्यासाचा गोल. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत पिस्तुलाच्या दोन साइटमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर ठेवता येते. आता फ्रंट साइट रिअर साइटच्या, म्हणजे डोळ्याकडच्या मागच्या पट्टीच्या, खाचेत मधोमध न राहता एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर २५ मीटरवर गोळी किती सरकेल? २५,००० ला २२० ने भागले की उत्तर येते सुमारे ११४ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही साइट जुळवण्यात पाव मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी चूक झाली की एक गुण जातो आणि एक मिलिमीटरची चूक झाली की गोळी काळ्या गोलाच्या बाहेर जाते.

याच्या उलट, दोन्ही साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत, पण हात डोलत असल्यामुळे संपूर्ण पिस्तूल स्वतःशी समांतर राहून दहा मिलिमीटर खाली गेले, तर गोळीही दहा मिलिमीटरच खाली लागते. नवशिक्या नेमबाजाला हाताचा डोल दिसतो, तो त्याला घाबरतो आणि काळा गोल बरोबर साइटच्या वर आल्याच्या क्षणी ट्रिगर झटक्याने ओढतो. त्या झटक्याने मनगट वाकते, साइटची जुळणी मोडते आणि गोळी काळ्याबाहेर जाते. आपल्या पन्नासांतील दोन-तीन गोळ्यांचे कारण जवळजवळ खात्रीने हेच आहे. उरलेल्या सत्तेचाळीस गोळ्यांचा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) जिथे लागतो तिथे साइट लागलेलीच आहे. त्या दोन-तीन गोळ्यांकडे पाहून आपण क्लिक (साइटच्या स्क्रूचे खटके) फिरवता आणि चांगला ग्रुपही जागेवरून हलवून बसता.

मी स्वतः पहिल्या वर्षी हीच चूक केली आहे. एका स्पर्धेच्या सायटिंग मालिकेत (गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्यांत) पहिल्या दोन गोळ्या डावीकडे गेल्या म्हणून मी सहा क्लिक उजवीकडे दिले, पुढच्या दोन उजवीकडे गेल्या म्हणून चार परत घेतले, आणि मालिका संपली तेव्हा साइट नेमकी कुठे आहे हे मलाच सांगता येत नव्हते. तेव्हापासून एक नियम मी पाळतो आणि शिकवतो. पाच गोळ्या पूर्ण झाल्याशिवाय क्लिकला हात लावायचा नाही, आणि जी गोळी सुटतानाच वाईट सुटली हे मला कळले होते ती हिशेबात धरायची नाही. त्यासाठी गोळी सुटल्या क्षणी साइट कुठे होती हे आठवून, लक्ष्यपत्र किंवा पडदा पाहण्याआधीच, वहीत नोंद करण्याची सवय लावावी लागते. नोंद आणि प्रत्यक्ष छिद्र यांचा मेळ बसू लागला की समजावे, डोळा साइटवर टिकू लागला आहे.

आता साइटकडे जरा जवळून पाहू. आपला हात लांब केल्यावर फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण ८५ सेंटिमीटरवर येते. चार मिलिमीटर रुंदीची फ्रंट साइट त्या अंतरावरून लक्ष्यपत्राचा सुमारे ११८ मिलिमीटर भाग झाकते, म्हणजे काळ्या गोलाच्या निम्म्याहून थोडा अधिक. खाचेत फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या ज्या दोन उभ्या फटी दिसतात, त्यांची रुंदी समान राखणे आणि दोन्ही साइटचे माथे एका सरळ रेषेत ठेवणे, एवढेच काम डोळ्याला आहे. फटी फार अरुंद असतील तर डोळा त्यांच्यात अडकतो आणि सुटण्याच्या क्षणाला उशीर होतो; फार रुंद असतील तर फ्रंट साइट एका बाजूला झुकलेली लवकर लक्षात येत नाही. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांवर खाचेची रुंदी स्क्रूने बदलता येते, काहींवर पट्टी बदलावी लागते, आणि फ्रंट साइटही वेगवेगळ्या रुंदीच्या मिळतात. प्रत्येक फट फ्रंट साइटच्या एक तृतीयांश ते अर्ध्या रुंदीची दिसेल इथून सुरुवात करावी. रॅपिड (झटपट, दर गोळीला तीन सेकंद मिळणाऱ्या) टप्प्यासाठी किंचित मोकळी खाच अनेकांना सोयीची वाटते, कारण तीन सेकंदांत साइट शोधायला वेळ नसतो.

नजर फ्रंट साइटवर ठेवायची, हे एअर पिस्तुलात आपण ऐकलेच असेल. ते पॉइंट टू-टू पिस्तुलात अधिक कठीण जाते, कारण इथे आवाज आहे, धक्का आहे आणि गोळी कुठे लागली हे पाहण्याची घाई आहे. काळा गोल पुसट, राखाडी, कडा विरलेला दिसायला हवा. तो ठळक दिसू लागला की समजावे, नजर पुढे पळाली आहे आणि साइटची जुळणी आता कोणीच पाहत नाही. याच कारणासाठी मी घड्याळातल्या सहाच्या ठिकाणी, म्हणजे तळाशी, काळ्या गोलाला चिकटून नेम धरायला सांगत नाही. काळी फ्रंट साइट काळ्या गोलाला टेकवायची म्हटले की डोळा ती टेकण्याची जागा शोधायला पुढे धावतो. गोलाच्या खाली पांढऱ्या भागात चांगली जागा सोडून नेम धरावा. तिथे फ्रंट साइटचा माथा पांढऱ्यावर स्वच्छ दिसतो आणि हात थोडा वर-खाली झाला तरी मन घाबरत नाही.

पण याचा एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो. खाली नेम धरून दहात गोळी लागावी म्हणून आपण साइट अशी लावलेली असते की गोळी नेमाच्या जागेपेक्षा सव्वाशे-दीडशे मिलिमीटर वर लागते. रॅपिड टप्प्याचे लक्ष्यपत्र वेगळे असते. त्याचा काळा भाग तब्बल ५०० मिलिमीटर व्यासाचा, दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे, आणि दोन्ही बाजूंना नेमासाठी पांढऱ्या आडव्या रेषा. तिथे काळ्याखाली नेम धरणे शक्यच नसते. मग दोन मार्ग राहतात. साइट तशीच ठेवून पांढऱ्या रेषांच्या थोडे खाली, काळ्यातच नेम धरावा. किंवा साइट ठरलेले क्लिक खाली घेऊन नेम मधोमध, रेषांच्या पातळीवर धरावा. मी दुसरा मार्ग निवडला, कारण रॅपिडमध्ये ४५ अंश खाली धरलेले पिस्तूल वर येताना डोळ्याला थांबण्याची खूण मिळते. पहिला मार्ग निवडणारे उत्तम नेमबाजही मी पाहिले आहेत. मात्र जो मार्ग निवडाल तो कायम ठेवा आणि क्लिकची संख्या पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा. स्पर्धेच्या दिवशी ती आठवणीवर सोडू नये.

क्लिकविषयी आणखी एक सूचना. रिअर साइट ज्या दिशेला सरकते त्याच दिशेला गोळी सरकते, हे सगळीकडे सारखे आहे. पण स्क्रूवरील खुणांचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. अमेरिकी पद्धतीच्या साइटवर ‘वर’ असे लिहिलेल्या बाजूला फिरवले की गोळी वर जाते. अनेक जर्मन साइटवरचे अक्षर मात्र ‘गोळी वर लागत असेल तर इकडे फिरवा’ असे सांगत असते, म्हणजे परिणाम नेमका उलटा. नवे पिस्तूल हातात आले की पहिल्याच दिवशी पाच गोळ्या मारा, दहा क्लिक एका दिशेला द्या, पुन्हा पाच मारा आणि दोन ग्रुपच्या मध्यांतले अंतर मोजून दहाने भागा. मग तेच दहा क्लिक परत घ्या आणि ग्रुप मूळ जागी येतो का ते पाहा. आला नाही तर साइटच्या स्क्रूत ढिलाई आहे, आणि जुने पिस्तूल घेत असाल तर हे पैसे देण्यापूर्वी कळलेले बरे.

प्रकाशाचाही विचार करावा लागतो. उघड्या रेंजवर डावीकडून ऊन आले की फ्रंट साइटची डावी कड चमकते, ती कड डोळ्याला पांढऱ्या फटीचाच भाग वाटते, आणि आपण नकळत साइट सरकवून ‘समान’ फटी तयार करतो. यावर उपाय साइट पूर्ण काळी ठेवणे. आपल्याकडे कापराची काजळी हा जुना आणि उत्तम उपाय आहे. पिस्तूल रिकामे आहे हे तपासून, काडतुसे दूर ठेवून, कापराची छोटी वडी पेटवावी आणि तिच्या धुरावरून साइटचे दोन्ही भाग क्षणभर फिरवावेत. मखमलीसारखा काळा थर बसतो. त्याला बोट लागू देऊ नये. हे रेंजच्या अधिकाऱ्याला विचारून आणि फायरिंग लाइनपासून लांब करावे. फवाऱ्याच्या डब्यातील काळा रंगही मिळतो, पण काजळीइतका निस्तेज काळेपणा मला त्यात दिसला नाही.

आता डोळ्याचा प्रश्न. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि ८५ सेंटिमीटरवरील वस्तू स्पष्ट दिसायला जो जोर लागतो तो डोळा दिवसभर देऊ शकत नाही. आपल्याला होणारा त्रास पिस्तुलाचा नाही, वयाचा आहे, आणि तो चष्म्याने सुटतो. वाचनाचा चष्मा मात्र इथे उपयोगी नाही. तो ४० सेंटिमीटरसाठी केलेला असतो आणि त्यातून काळा गोल पार विरघळून जातो. नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी दूरच्या नंबरात अधिक ०.५० किंवा ०.७५ मिळवून एकच नंबरचे भिंग करून घ्यावे. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह भिंगे टाळावीत, कारण डोके किंचित झुकले की नंबर बदलतो. नेत्रतपासणीला जाताना फ्रंट साइटच्या अंतराची दोरी कापून न्या आणि ‘या अंतरावरची चार मिलिमीटरची काळी पट्टी कडक दिसायला हवी, आणि दूरचा काळा गोल पुसट पण गोल दिसायला हवा’ असे स्पष्ट सांगा. पिस्तूल सोबत नेऊ नका. दुसरा डोळा मिटू नये. त्याने नेमाच्या डोळ्यावरही ताण येतो. त्याच्यासमोर अर्धपारदर्शक पट्टी लावावी. स्पर्धेच्या नियमांत या पट्टीची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंतच चालते.

रेड डॉटविषयी माझे मत असे की, आपल्याला स्पर्धा खेळायची असेल तर तो घेऊ नये. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चालणाऱ्या पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी साइट चालते आणि आपल्याकडच्या राज्य व राष्ट्रीय स्पर्धा त्याच नियमांवर होतात. रेड डॉटला दोष देण्याचे कारण नाही. ज्यांना डोळ्याच्या आजारामुळे उघडी साइट दिसतच नाही, त्यांना केवळ सरावाच्या आनंदासाठी तो वरदान आहे. पण शिकत असलेल्या माणसाला त्यात एक धोका आहे. ठिपका हाताचा डोल सतत दाखवत राहतो, आणि ठिपका मधोमध आला की ट्रिगर ओढण्याचा मोह होतो. आपला मूळ दोष तोच आहे. तो वाढवणारे साधन आत्ता नको.

ट्रिगरविषयी थोडे. पंचवीस मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅम वजन उचलणारा असावा लागतो; आपल्या एअर पिस्तुलात ती मर्यादा ५०० ग्रॅम होती. दुपटीचा हा फरक बोटाला सवयीचा व्हायला काही महिने लागतात. त्यासाठी रिकाम्या पिस्तुलाचा सराव पांढऱ्या, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून करा. समोर लक्ष्य नसले की डोळ्याला पळायला जागा नसते, आणि ट्रिगर सुटताना फ्रंट साइट किती उडते ते लगेच दिसते. दिवसाला पंधरा मिनिटे पुरेत.

पण इथे रिमफायरची, म्हणजे काठावर ठिणगी पडणाऱ्या पॉइंट टू-टूसारख्या काडतुसांची, एक मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. मोठ्या काडतुसात तळाच्या मध्यभागी वेगळी कॅप असते. पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसात तशी कॅप नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) दुमडलेल्या काठात, आतल्या बाजूने, फिरवून भरलेले असते. एक झाडलेली पुंगळी हातात घेऊन भिंगाखाली पाहा. काठावर एका बाजूला फायरिंग पिनने पाडलेला लहानसा, चौकोनी किंवा अर्धगोल खळगा दिसेल. पिन आणि चेंबरची (नळीत काडतूस बसते त्या जागेची) कड यांच्यात काठ चेंगरला म्हणून ठिणगी पडली. आता चेंबरमध्ये काडतूस नसताना ट्रिगर दाबला, तर ज्या पिस्तुलात पिनला अडवणारी सोय नाही त्यात तीच पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते. शेकडो वेळा असे झाले की कडेवर खाच पडते, तिथे काठ नीट टेकत नाही, पुंगळी ओढून बाहेर काढताना अडकते आणि काडतुसे फुसकी जाऊ लागतात. म्हणून सरावासाठी पिस्तुलात त्यासाठी दिलेली खास सोयच वापरावी, ती नसेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेत काय सांगितले आहे ते पाहावे. वापरलेले पिस्तूल विकत घेताना सर्वांत आधी चेंबरच्या तोंडाची ही कड छोट्या विजेरीने पाहावी.

याच रचनेमुळे एक-दोन काडतुसे फुसकी जाणे हे रिमफायरमध्ये नवल नाही. काठात एखाद्या ठिकाणी मिश्रण कमी पडले आणि पिन नेमकी तिथे लागली की ठिणगी पडत नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबावे, हात वर करून अधिकाऱ्याला कळवावे आणि मगच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) उघडावा. ठिणगी उशिरा पडण्याची शक्यता असते. त्याहून गंभीर प्रसंग म्हणजे आवाज नेहमीपेक्षा बारीक येणे आणि लक्ष्यपत्रावर छिद्र न दिसणे. गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी गोळी मारली तर नळी फुगते. असा आवाज आला की थांबा, पिस्तूल रिकामे करा आणि नळीतून आरपार प्रकाश दिसल्याशिवाय पुढची गोळी भरू नका. रॅपिडच्या तीन सेकंदांच्या लयीत हे भान सुटते, म्हणून ते आधीच मनात पक्के करून ठेवावे.

काडतुसांचे दोन शब्द. स्पर्धेसाठी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, ध्वनीपेक्षा कमी वेगाची ‘स्टँडर्ड’ काडतुसे वापरावीत. सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास वेगाने निघालेली गोळी २५ मीटर अंतर सुमारे ०.०८ सेकंदांत कापते. अतिवेगवान काडतुसांनी इथे काहीच मिळत नाही, धक्का वाढतो आणि हलक्या बोल्टवर ताण येतो. इली, आरडब्ल्यूएस, लापुआ, एसके यांपैकी कोणते आपल्या पिस्तुलाला मानवते हे टेकूवर ठेवून, दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारूनच कळते. महागडे ते चांगले, असे रिमफायरमध्ये खात्रीने म्हणता येत नाही. पंचवीस मीटरवर पिस्तुलासाठी अचूकतेपेक्षाही मला प्रत्येक पुंगळी न अडकता बाहेर पडण्याचे महत्त्व अधिक वाटते. एकदा जमलेले काडतूस एकाच लॉटचे, परवान्यात बसेल तेवढे, एकदम घ्यावे. आणि ही गोळी लहान दिसते म्हणून तिला कमी लेखू नये. मोकळ्या आकाशात सुटली तर ती सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. शेतात, टेकडीवर, फार्महाउसवर ‘थोडा सराव’ हा बेकायदेशीर आहे आणि धोकादायकही. मंजूर रेंज सोडून कुठेही या पिस्तुलातून गोळी झाडू नये.

आता पिस्तूल कोणते आणि कसे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय कोणतेही अग्निशस्त्र बाळगता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षांची झाली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने सरावासाठी वापरायची पॉइंट टू-टू रायफल आणि एअर रायफल यांना संख्येच्या मर्यादेतून कायद्यानेच सूट दिली आहे. त्या वाक्यात रायफल हा शब्द आहे, पिस्तूल नाही. अनेक जण इथे चुकतात आणि ‘टू-टू आहे, चालते’ या समजुतीवर राहतात. नामवंत व होतकरू नेमबाजांसाठी केंद्र सरकारच्या वेगळ्या सवलती आहेत, त्यांची पात्रता राष्ट्रीय रायफल संघटनेच्या प्रमाणपत्रावर ठरते. आपण आज त्या श्रेणीत कुठे बसता हे आपल्या राज्य संघटनेकडून लेखी घ्या आणि मगच अर्ज करा. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि शस्त्र घरी सुरक्षित कुलपात राहील याची व्यवस्था दाखवावी लागते. पोलीस पडताळणीला वेळ लागतो. त्या काळात चिडू नये, क्लबचे पिस्तूल मारत राहावे. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. तेव्हा आगामी स्पर्धेचे पत्र जोडून सवलतीसाठी वेळेत अर्ज करावा लागतो, आदेश हातात पडल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

पिस्तुलांमध्ये पार्डिनी, वॉल्थर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, हॅमर्ली ही नावे आपल्याला रेंजवर दिसतील. यांतले कोणतेही नीट अवस्थेतले पिस्तूल आपल्या आणि माझ्या कौशल्याच्या कितीतरी पुढे असते. निवड तीन गोष्टींवर करावी: मूठ आपल्या हातात बसते का, सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस पोहोचण्याजोगा आहे का, आणि क्लबमधल्या कोणाकडे तेच पिस्तूल आहे का. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मॅगझिनचे स्प्रिंग स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुटले की तिचे मोल कळते. नियमांच्या चौकटीतही पाहून घ्या: न भरलेल्या पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत आणि संपूर्ण पिस्तूल ३०० गुणिले १५० गुणिले ५० मिलिमीटरच्या पेटीत बसणारे. वापरलेले पिस्तूल व्यवहारात कमी किमतीचे पडते, परंतु ते कोणत्या सवलतीत आयात झाले होते आणि त्या सवलतीच्या अटी काय होत्या ते कागदावर तपासल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

मुठीवर मी पिस्तुलाच्या नावापेक्षा जास्त भर देतो. डोळे मिटून हात उचला, पिस्तूल लक्ष्याच्या दिशेला धरा, डोळे उघडा. फ्रंट साइट खाचेत मधोमध आली नसेल तर मूठ चुकीची आहे. ती दरवेळी उजवीकडे दिसत असेल तर तळहाताच्या फुगीर भागाखाली लाकडात भरायची लांबी (पुट्टी) थोडी चढवा किंवा बोटांच्या बाजूने कानशीने घासा, एका वेळी कागदाच्या जाडीइतकेच, आणि दोन सराव झाल्यावर पुन्हा तपासा. मनगटाने साइट जुळवावी लागत असेल, तर साठाव्या गोळीपर्यंत ते मनगट थकते आणि काळ्याबाहेरच्या त्या दोन-तीन गोळ्या पुन्हा सुरू होतात.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचा २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील २५ मीटर पिस्तुलाचा अंतिम सामना शक्य असल्यास संपूर्ण पाहा. सुवर्णपदक शूट-ऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा गोळ्यांत) ठरले. लक्ष्याकडे पाहू नका, त्यांच्या हाताकडे पाहा. हात प्रत्येक वेळी त्याच वेगाने वर येतो, गोळी सुटल्यावरही पिस्तूल क्षणभर तिथेच राहते आणि मग खाली येते. ते क्षणभर थांबणे म्हणजे साइट पुन्हा खाचेत परतताना पाहणे. आपल्या सरावात या एका गोष्टीची नक्कल केली तरी पुष्कळ आहे.

देखभालीचे थोडक्यात सांगतो. शिशाच्या गोळीवर मेणाचा लेप असतो, त्यामुळे नळी फार घासू नये. नळीच्या तोंडाकडून सळई खुपसून घासल्याने जितकी पिस्तुले बिघडली तितकी गोळ्या मारून बिघडली नसतील. चेंबर, बोल्टचा चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाची) नखी प्रत्येक सरावानंतर ब्रशने स्वच्छ करा, नळीतून दोरीला बांधलेले कापड चेंबरकडून तोंडाकडे ओढा. सराव झाल्यावर हात थंड पाण्याने व साबणाने धुवा आणि त्याआधी काही खाऊ नका; काडतुसाच्या मिश्रणात आणि गोळीत दोन्हीकडे शिसे असते. पिस्तूल पेटीत ठेवताना नळीतून रंगीत दोरी आरपार घाला. गवत कापण्याच्या यंत्राची भडक नायलॉन दोरी यासाठी छान चालते, चेंबर रिकामे आहे हे लांबूनही दिसते. जून ते सप्टेंबर पेटीतला स्पंज ओलावा धरून ठेवतो आणि बाहेरून कोरडी दिसणारी पेटी आतून पिस्तुलाला गंज चढवते. पावसाळ्यात पिस्तूल तेलाचा पातळ हात फिरवलेल्या सुती कापडात गुंडाळून, पेटीऐवजी कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा, आणि दर आठवड्याला एकदा साइटचे स्क्रू ढिले झाले नाहीत ना, हे बोटाने पाहून घ्या.